बागा कोणामुळे वाळल्या?

परसातील लिंबोणी वाळू लागली म्हणजे घरात जी चर्चा सुरू होते, तिचे स्वरूप चौकशीपेक्षा आरोपाचेच अधिक असते. एक म्हणतो, विहिरीचे पाणी मचूळ झाले; दुसरा म्हणतो, मोरीचे पाणी तिच्याकडे वळविले तेथेच चुकले; वडीलधाऱ्या बायका दृष्ट लागली म्हणतात; आणि ज्या घरावरील जुन्या समजुतींचा पगडा अद्याप सुटलेला नाही, त्या घरात कोणाचा तरी विटाळ झाला असे ठरवून एखाद्या मुक्या सुनेच्या माथी खापर फोडले जाते. झाडाला मात्र कोणीच काही विचारीत नाही.

बदलापुरास आमच्या घरामागे अशीच एक कागदी लिंबाची लिंबोणी आठ-दहा वर्षे भरभरून फळे देऊन पुढे खंगत गेली. प्रथम शेंड्याकडील कोवळ्या फांद्यांची पाने झडली. मग अवेळी फुलोरा येऊ लागला. फळे सुपारीएवढी राहून गळू लागली. आणि अखेर एका उन्हाळ्यात तिचा काट्यांचा केवळ सांगाडा उरला. वर सांगितलेले बहुतेक आरोप आमच्या घरीही झाले, व त्यांतील एक-दोन प्रस्तुत लेखकानेच केलेले होते, हे कबूल केले पाहिजे. पुढे ती तोडण्याची वेळ आली तेव्हा बुंध्याजवळच्या शेवटच्या फुटव्यावरील एक कोवळे पान खुडून सहज सूर्यासमोर धरले. त्याच्या बारीक शिरा जागोजाग पारदर्शक होऊन तुटक रेषांसारख्या चमकताना दिसल्या. त्या चमकणाऱ्या शिरांमागे केवढा इतिहास आहे, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. तो इतिहास पुढे जसा वाचनात आला तसा वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. कारण जी चूक आमच्या परसात झाली, तीच चूक मोठमोठ्या बागांच्या बाबतीत पुष्कळ वर्षे होत राहिली होती.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश आज बागांसाठी कोणी ओळखीत नाही. अंबरनाथ कारखान्यांचे, उल्हासनगर हे निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली नाव पावलेले दाट वस्तीचे शहर, आणि बदलापूर मुंबईच्या नोकरदारांचे, अशी यांची आजची ख्याती आहे. तथापि बदलापूरची जांभळे अजून बाजारात नावाने विकली जातात, आणि जुन्या घरांच्या मागे लिंबोणी, पपई, केळीचे बेट व कढीलिंब ही चौकडी अद्याप उभी असते. आगगाडी कल्याणास १८५४ साली आली, बदलापुरावरून खोपोलीपर्यंत १८५६ साली गेली, आणि १८६३ साली बोरघाट चढून पुण्यास जाऊन मिळाली. घाटावरील फळे मुंबईच्या बाजारात उतरविणे त्यामुळे सोपे झाले. घाटावरील कलमे खाली आणणेही तितकेच सोपे झाले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुढे कळून येईल.

महाराष्ट्रातील लिंबूवर्गीय बागांचे वैभव मुख्यतः दोन ठिकाणी वाढले. विदर्भात संत्रे, ते नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून आणविले असे सांगतात. पुणे व अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या जिल्ह्यांत मोसंबी. तिचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले असे मानतात. मुठा, नीरा, प्रवरा, गोदावरी या नद्यांचे कालवे निघाले आणि ज्या काळ्या रानात ज्वारीवाचून दुसरे काही दिसत नव्हते, तेथे मोसंबीच्या हिरव्यागार रांगा उभ्या राहिल्या. बागाइतदार झाडांस पाण्याचा ताण देऊन, मुळ्यांस ऊन दाखवून, मग खत-पाणी सोडून हवा तो बहार धरू लागला. एकेका बहारावर कर्ज फिटावे, मुलीचे लग्न व्हावे, मुलगा पुण्यास शिकावयास राहावा, अशी ही बागाईत होती. झाड लावल्यापासून फळावर येण्यास पाच-सहा वर्षे जात, म्हणून एवढी वर्षे ज्याने ते जोपासले त्याची सारी आशा त्या झाडावर असे.

ही झाडे बियांपासून वाढविलेली नसत. जंबेरी नावाचे जे खडबडीत सालीचे रानटी लिंबू, त्याचे रोप करावयाचे, त्याच्या खोडास उभी-आडवी चीर देऊन साल उचलावयाची, आणि तीत उत्तम मोसंबीच्या फांदीवरील एक डोळा बसवून बांधून टाकावयाचा, ही डोळा भरण्याची रीत. खाली खुंट जंबेरीचा, वर झाड मोसंबीचे. बियांच्या झाडापेक्षा ते लवकर फळते आणि फळाची जातही राखते. एका नामांकित झाडाच्या फांद्यांवरून अशा रीतीने शेकडो कलमे होत, त्या कलमांवरून पुन्हा हजारो; म्हणजे मोठमोठ्या बागा ह्या वस्तुतः थोड्याशाच झाडांची वाढलेली शरीरे होती. मूळ झाडाच्या अंगात जे काही असेल, ते गुण असो वा दोष, त्या सर्वांत उतरणे क्रमप्राप्तच होते.

अशा बागा पंधरा-वीस वर्षांच्या ऐन उमेदीत शेंड्यांकडून वाळू लागत. पाने पिवळी पडत, फांदी टोकाकडून खाली मरत येई, शेवटी खोडच उरे. यास शेंडेमर असे नाव पडले. कारण शोधणाऱ्यांनी प्रथम जमिनीकडे पाहिले, आणि ते स्वाभाविक होते. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील फळशास्त्रज्ञ चीमा यांनी भट यांच्यासह १९२८ साली या शेंडेमरीवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्या नावातच पश्चिम हिंदुस्थानातील जमिनींशी असलेला या रोगाचा संबंध सांगितला होता. तो खोटा नव्हता. चिकण काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, मुळ्या गुदमरतात, बुरशीने कुजून खोडास डिंक्या होतो, चुनखडीच्या थरामुळे जस्त व लोह झाडास लागत नाही. या गोष्टी आजही खऱ्या आहेत. परंतु निचऱ्याच्या उत्तम जमिनीतही बागा वाळत होत्या, आणि तेथे जमिनीचा दोष दाखविता येईना म्हणून माणसाचा दाखविण्यात येई. ताण फार दिला, पाणी फार पाजले, खत कमी पडले, बहार लोभाने धरला. बागाइतदाराच्या हयगयीवाचून दुसरे कारण कोणास सुचेना. ज्याचे सर्वस्व गेले, तोच अपराधीही ठरला.

इतक्यात जगात दुसरीकडे रोगाच्या एका नव्याच कर्त्याची ओळख पटत चालली होती. हॉलंडमध्ये काम करणाऱ्या आडोल्फ मायर याने १८८६ साली तंबाखूच्या चट्टेरी पानांचा रस निरोगी रोपांत घालून रोग लावून दाखविला. १८९२ साली रशियातील इव्हानोव्हस्की याने तोच रस जंतू अडविणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, तरी त्याची रोग करण्याची शक्ती गेली नाही. १८९८ साली बायेरिंक याने निष्कर्ष काढला की, हे जंतूंहून निराळे व जिवंत पेशीतच वाढणारे असे काही विष आहे. १९३५ साली स्टॅन्ली याने तंबाखूच्या रोगाचा विषाणू स्फटिकरूपाने वेगळा काढला, आणि सजीव व निर्जीव यांच्या सीमेवरील हे चमत्कारिक सत्त्व काचेच्या नळीत डोळ्यांना दिसू लागले. झाडांचे विषाणू स्वतः कोठे जाऊ शकत नाहीत, त्यांस कोणी तरी वाहून न्यावे लागते, हेही याच सुमारास स्पष्ट झाले. जपानात भाताचा एक रोग तुडतुड्यांमुळे पसरतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच दिसून आले होते.

फळबागांच्या बाबतीत या ज्ञानाची कसोटी दक्षिण अमेरिकेत लागली. तेथे व भूमध्यसमुद्राकाठी संत्र्याची कलमे कडू नारिंगाच्या खुंटावर करीत, कारण तो खुंट डिंक्यास दाद देत नाही. १९३० नंतर अर्जेंटिना व ब्राझील येथे अशा खुंटावरील झाडे लक्षावधींनी वाळू लागली. दक्षिण आफ्रिकेतून आणविलेल्या कलमांबरोबर हा रोग तिकडे गेला, असे पुढे ठरले. लोकांनी त्याला ‘ट्रिस्टेझा’, म्हणजे खिन्नता, असे नाव दिले; वाळत जाणाऱ्या झाडाकडे पाहून ते सुचले असावे. येथेही प्रथम जमीन व हवा यांनाच दोष देण्यात आला. परंतु १९४६ साली ब्राझीलमध्ये मेनेगिनी याने काळ्या माव्याच्या योगाने हा रोग लावून दाखविला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात फॉसेट व वॉलेस यांनी तेथील तशाच रोगाचा प्रसार केवळ कलमाने होतो हे सिद्ध केले. झाडाच्या सालीतून पानांकडील अन्न मुळ्यांकडे नेणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्यांत हा विषाणू राहतो. कडू नारिंगाच्या खुंटावर जोडाच्या खाली या नळ्या मरतात, मुळ्या उपाशी राहतात, आणि वरचे झाड पाणी न मिळून वाळते.

या शोधात एका साक्षीदाराने मोठे काम केले, आणि तो साक्षीदार आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेत ज्यास मेक्सिकन लिंबू म्हणतात, ते वस्तुतः आपले कागदी लिंबूच होय. मोसंबीच्या किंवा संत्र्याच्या अंगात ट्रिस्टेझाचा विषाणू वर्षानुवर्षे गुप्त राहू शकतो. पण त्याच झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बसविला, तर थोड्याच दिवसांत लिंबाच्या कोवळ्या पानांतील शिरा तुटक तुटक पारदर्शक होतात, पाने वाटीसारखी वळतात, व पुढे साल सोलून पाहिल्यास लाकडावर बारीक खाचा दिसतात. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत झाड निरोगी आहे की नाही हे ठरविण्यासाठी कागदी लिंबाचे रोप ठेवू लागले. आमच्या लिंबोणीचे ते पान सूर्यासमोर धरल्यावर जे दिसले, ते हेच.

महाराष्ट्रातील शोधाचे केंद्र पुणे होते. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या तेथील विषाणु-केंद्रात स. प. कपूर व त्यांचे सहकारी काम करीत. १९५८ साली वासुदेव व कपूर यांनी मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात हा ऱ्हास ट्रिस्टेझाच्या विषाणूशी जोडला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५९ साली, वासुदेव, वर्मा व राव यांनी हा विषाणू काळ्या माव्यामार्फत जातो हे दाखवून दिले. चीमा व भट यांच्या पुस्तिकेनंतर तीस वर्षांनी खऱ्या आरोपीचे नाव पुढे आले.

मावा हा किडा आपल्यास नवा नाही. गुलाबाच्या कळीवर किंवा शेंगेच्या वेलावर दाटीने चिकटलेले बारीक मऊ प्राणी कोणी पाहिले नाहीत? कोवळ्या पालवीत तो आपली सुईसारखी सोंड खुपसून रस पितो. रोगट झाडावर काही वेळ पोट भरले की विषाणू त्याच्या मुखात येतो. तो उडून शेजारच्या झाडावर बसला की तेथे उतरतो. आणि एक-दोन दिवसांत नवा न मिळाल्यास माव्याची ही शक्ती नाहीशी होते. यावरून सहज ध्यानात येईल की, मावा हा जवळचा वाहक आहे. समुद्र ओलांडणे, घाट चढणे, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणे हे त्याचे काम नव्हे. ते काम जहाजाने, आगगाडीने आणि कलमाच्या चाकूने केले. दक्षिण आफ्रिकेतून ब्राझीलला रोग नेला तो मनुष्याने. पुण्याच्या डोळ्यावरून कोकणातील परसात तो आणला असल्यास तोही मनुष्यानेच. जी वस्तू उत्तम म्हणून आपण एकमेकांस दिली, तिच्याच सालीत शत्रू बसलेला होता, व डोळा भरणारा माळी किंवा तो विकत घेणारा बागाइतदार यांपैकी कोणास त्याची कल्पना नव्हती.

तथापि एवढ्याने प्रकरण मिटले नाही. जंबेरीचा खुंट ट्रिस्टेझा बराच सहन करतो, हे परदेशांतील अनुभवाने ठरले होते, आणि आपल्या बागा तर जंबेरीवरच्या. मग त्या इतक्या वेगाने का मरत होत्या? आता सर्व खापर एकट्या ट्रिस्टेझाच्या माथी फोडणे हीही पहिल्यासारखीच घाई झाली असती. १९६६ साली ऑस्ट्रेलियातील लिलियन फ्रेझर या विदुषीने दलजित सिंग, कपूर व नारियानी यांच्यासह असे प्रतिपादिले की, भारतातील शेंडेमरीचे संभाव्य कारण ‘ग्रीनिंग’ नावाचा दुसराच विषाणू आहे. चीनमध्ये हाच रोग ‘पिवळी फांद’ अशा अर्थाच्या नावाने जुना होता, व तो कलमाने लागतो हे लिन कुंग-श्यांग याने १९५६ साली दाखविले होते. १९६७ साली कपूर, राव व विश्वनाथ यांनी भारतातील त्याचा वाहक सिद्ध केला. तो सिट्रस सायला. तीन-चार मिलिमीटरांचा, तपकिरी चट्टेरी पंखांचा, पानावर डोके खाली व शेपटीकडील भाग वर उचलून बसणारा एक क्षुद्र कीटक.

या कीटकाची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. पंजाबात हुसेन व नाथ यांनी १९२७ सालीच त्याचे सविस्तर वर्णन केले होते, व त्याच्यामुळे बागांची कशी दैना होते तेही लिहिले होते. ते वर्णन आज वाचणाऱ्या अभ्यासकांस त्यात ग्रीनिंग रोगाचीच खूण दिसते. म्हणजे १९२७ साली पंजाबात कीटकाचा अभ्यास झाला व १९२८ साली पुण्यास वाळणाऱ्या बागांचा. दोहोंच्या मध्ये केवळ एका वर्षाचे अंतर होते. परंतु कीटक पाहणाऱ्याने कीटकच पाहिला आणि जमीन पाहणाऱ्याने जमीनच पाहिली. ही दोन पाने एकमेकांशेजारी ठेवली जाण्यास चाळीस वर्षे लागली, आणि त्या चाळीस वर्षांत किती बागाइतदारांनी वाळलेली बाग तोडून त्याच जागी तसल्याच कलमांची नवी बाग लावली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्यानंतर जे झाले ते तर अधिकच नम्र करणारे आहे. ज्यास सर्वांनी विषाणू म्हटले, तो विषाणू नव्हताच! १९७० साली फ्रान्समध्ये लाफ्लेश व बोव्हे यांना विद्युत्-सूक्ष्मदर्शकातून रोगट झाडाच्या अन्नवाहिन्यांत जंतूंसारखी शरीरे दिसली. टेट्रासायक्लिनासारखी जंतुनाशक औषधे दिली असता रोगाची लक्षणे काही काळ दबतात असे आढळले. विषाणूवर अशी औषधे चालत नाहीत. अखेर १९९४ साली त्याच्या आनुवंशिक द्रव्यावरून तो एक जंतू असल्याचे निश्चित झाले. झाडाबाहेर तो वाढविणे अत्यंत दुष्कर असल्यामुळे शास्त्रीय नामावलीत अजूनही त्यास उमेदवाराचाच दर्जा आहे. परंतु नाव चुकले तरी कपूर प्रभृतींचे मुख्य म्हणणे टिकले: रोग कलमाने येतो व सायलाने पसरतो. शास्त्राचा मोठेपणा चुका न करण्यात नसून, चूक झाली असता ती दुरुस्त करता येईल अशा रीतीने काम करण्यात आहे, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

आता वाचकांपैकी कोणाच्या मनात येईल की, जमिनीचा दोष व जंतूचा दोष हे दोन्ही खरे असतील, तर पिवळ्या पानावरून निवाडा कसा करावयाचा? त्यास झाडानेच एक सोपी खूण ठेविली आहे. पान हातात घेऊन मधली शीर ही सीमा मानावी. जस्तासारख्या द्रव्याची उणीव असेल तर पिवळेपणा शिरेच्या दोन्ही अंगांस सारखा, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे, असतो. ग्रीनिंग असेल तर एका बाजूस पिवळा डाग, दुसऱ्या बाजूस त्या जागी हिरवे, असे अस्ताव्यस्त ठिगळ दिसते. फळही एका अंगास वाढलेले व दुसऱ्या अंगास खुरटलेले; पिकताना खालचा भाग हिरवाच राहतो, त्यावरूनच रोगाचे नाव पडले; रस कडवट आणि बिया पोचट. अखेरचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो, हे खरे. तरी ही खूण बहुतेक ठिकाणी दिशा दाखविण्यास पुरेशी आहे.

सायलाच्या संसाराशी आपल्या स्वयंपाकघराचाही संबंध येतो. तो अंडी घालतो ती केवळ कोवळ्या नवतीवर, आणि ही नवती लिंबू-संत्र्याचीच असावी असा त्याचा आग्रह नाही. कढीलिंब व कुंपणाला लावतात ती सुवासिक पांढऱ्या फुलांची कामिनी ही दोन्ही झाडे लिंबाच्याच कुळातील असून ती त्यास अतिशय प्रिय आहेत. कढीलिंब त्या रोगाने मरत नाही. पण त्यावर वाढलेला सायला शेजारच्या लिंबोणीवर जाऊन बसतो. आमच्या परसात लिंबोणी व कढीलिंब यांत दहा हातांचेही अंतर नव्हते. अमेरिकेत असलेल्या मुलांकडे जाताना ताज्या कढीपत्त्याची जुडी नेता येत नाही, म्हणून पुष्कळ आया हळहळतात. त्या मनाईचे कारण हाच कीटक होय. फ्लोरिडात सायला १९९८ साली आढळला आणि २००५ साली रोग आढळला. तेथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ साली दोन कोटीही निघाल्या नाहीत. पैसा, यंत्रे व विद्या यांत जगात अग्रेसर असलेल्या देशाची जेथे ही अवस्था झाली, तेथे कालव्याकाठच्या आपल्या बागाइतदारास हयगयीचा दोष देणाऱ्यांनी पुन्हा एकदा विचार करावा.

परसातील चौकडीपैकी उरलेल्या दोघांचीही गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे. पपईच्या शेंड्याची पाने पिवळी-हिरवी चट्टेरी होऊन सुतळीसारखी अरुंद होतात व फळावर वर्तुळे उमटतात, त्या रोगाची मुंबई प्रांतातील नोंद कपूर व वर्मा यांनी १९४८ साली केली. येथेही वाहक मावाच. परंतु तो पपईवर बिऱ्हाड करीत नाही. वाटेने जाता जाता तो पान चाखून पाहतो व पुढे जातो, आणि त्या काही क्षणांच्या चाखण्यातच विषाणू उतरतो. औषध मारून मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते, म्हणून येथे फवाऱ्यावर फारसा भरवसा ठेवण्यात अर्थ नाही; रोगट झाड लवकर उपटणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय. केळीचा पर्णगुच्छ हा रोग फिजी बेटांतून गेल्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियास व सिलोनास पोचला, आणि सिलोनातून १९४० च्या सुमारास दक्षिण भारतात आला. तो विषाणूमुळे होतो व केळीवरील मावा तो पसरवितो, हे ऑस्ट्रेलियात मॅगी याने त्याच शतकाच्या तिसऱ्या दशकात सिद्ध केले. खानदेशातील बागाइतदार केळीच्या ज्या चट्टेरी रोगास ‘हरण्या’ म्हणतात, तो मुळात काकडीवर प्रथम ओळखला गेलेल्या विषाणूचा. म्हणून केळीच्या बागेत काकडी-भोपळ्याचे आंतरपीक घेणे म्हणजे चोरास घरातच बिऱ्हाड देणे होय. या दोन्ही रोगांत दूरचा प्रवास घडविणारा पुन्हा मनुष्यच, कारण केळीचे मुनवे एका गावाहून दुसऱ्या गावी तोच नेतो.

अशा रोगांवर झाड बरे करणारे औषध नाही. मग उपाय कोणता? तो मोठा सुंदर आहे, आणि झाडाच्या स्वभावातच दडलेला आहे. ट्रिस्टेझाचा विषाणू कलमातून उतरतो, बीजातून उतरत नाही. शिवाय लिंबूवर्गाच्या एका बीत अनेक गर्भ असतात, आणि त्यांतील बहुतेक परागाशी संबंध न येता मातेच्याच अंगापासून झालेले असल्यामुळे हुबेहूब मातेसारखे निपजतात. म्हणजे रोगट मातेच्या बीजापासूनही तिच्याच गुणांचे निरोगी झाड मिळू शकते. अडचण इतकीच की, असे झाड काटेरी होते व फळास फार वर्षे लावते. यावर विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कॅलिफोर्निया व स्पेन येथील शास्त्रज्ञांनी तोड काढली. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाशी, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढ्या कणात, बहुधा रोग पोचलेला नसतो. तो कण भिंगाखाली कापून काचनळीतील कोवळ्या रोपावर बसवावयाचा. नागपूरास १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे जे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, व जे आज केंद्रीय संस्था म्हणून चालू आहे, तेथे नागपुरी संत्र्याची निरोगी रोपे याच मार्गाने तयार करतात. ज्या डोळ्याने रोग पसरविला, त्याच डोळ्याच्या टोकातून निरोगी झाड मिळविण्याची ही युक्ती आहे.

कायदाही आहे. विनाशक कीड व रोग यांसंबंधीचा कायदा १९१४ सालचा असून, त्याखाली केळीचे रोगट मुनवे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास पुढे बंदी झाली. पण कायदा बंदरात व नाक्यावर उभा राहतो. मृगाच्या सरी सुरू होताच रस्त्याच्या कडेस कलमांच्या पिशव्या मांडून बसणाऱ्या विक्रेत्यापर्यंत तो क्वचितच पोचतो. बदलापूर-अंबरनाथच्या वाटेवर दर पावसाळ्यात अशी दुकाने लागतात, व नव्या घराच्या हौसेने आपण तेथून लिंबाचे एक कलम उचलतो. त्या वेळी त्याची किंमत आपण विचारतो, फळ कधी येईल हे विचारतो. परंतु याचा डोळा कोणत्या झाडाचा, ते झाड तपासलेले आहे काय, हा प्रश्न विचारताना आम्ही तरी कोणास ऐकलेले नाही. विक्रेत्यास दोष देण्यात अर्थ नाही. जे विचारले जात नाही ते तो सांगत नाही.

आमची लिंबोणीही अशाच एका पिशवीतून आली होती. ती आता नाही. तिच्या जागी बीपासून वाढविलेले कागदी लिंबाचे रोप लावले आहे. त्याला फळ येण्यास काही वर्षे लागतील, आणि माव्यापासून ते वाचेलच अशी खात्री देता येत नाही. कढीलिंब तोडण्यास घरातून सर्वानुमते विरोध झाल्यामुळे तो आहे तेथेच आहे. मात्र त्यावर नवती फुटली की पाने उलटून पाहण्याची सवय आता मुलांसही लागली आहे. दुसरीही एक सवय लागावी अशी इच्छा आहे. झाड वाळो, पीक जावो, की घरात दुखणे येवो, आपल्यास प्रथम सुचतो तो अपराधी. आणि तो बहुधा ज्याला उत्तर देता येत नाही असाच निवडला जातो, मग तो कर्जात बुडालेला बागाइतदार असो की परसात पाणी घालणारी सून असो. या एका रोगाच्या इतिहासात तसे निवाडे तीन वेळा दिले गेले व तीनही वेळा फिरवावे लागले. नव्या रोपाचे एखादे पान उद्या पिवळे पडलेच, तर निवाडा देण्यापूर्वी ते खुडून उजेडात धरण्याइतका धीर तरी आपल्यापाशी असावा.